‘पहिल्यासारखा राहिला नाही यार तो!’

नवा अल्बम आला की कँटीनमध्ये हे वाक्य येतंच. पण रॅपर खरंच घसरतो का? घसरतो तर नेमकं काय घसरतं? एमिनेमच्या जवळपास तीस वर्षांच्या करिअरमध्ये त्याचं उत्तर शोधू. कदाचित ते उत्तर तुमच्याही कामाचं असेल.

कॉलेजच्या कँटीनमध्ये चहा गार होईपर्यंत चालणारे काही वाद असतात. धोनी की रोहित, आयफोन की अँड्रॉइड. आणि रॅप ऐकणारा ग्रुप असेल तर आणखी एक वाद हमखास. कुणीतरी नवा अल्बम लावतो. दोन गाणी होत नाहीत तोच शेजारचा इअरबड काढून टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, ‘नाही यार, पहिल्यासारखा राहिला नाही तो.’

तो म्हणजे कोण? तिथं हवं ते नाव टाका. पण हे वाक्य गेली वीस वर्षं ज्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त आलंय, असा एक गडी आहे. एमिनेम. आणि गंमत बघा, तुम्ही आज सेकंड इयरला असाल, तर ज्या ‘पहिल्या’ एमिनेमच्या नावाने तुम्ही उसासे टाकता, तो आला तेव्हा तुमचा जन्मही झालेला नव्हता. तुम्हाला तो मिळाला थेट दंतकथा होऊन. मोठ्या भावाच्या पेनड्राइव्हमधून नाहीतर यूट्यूबच्या ‘यू मे लाइक’मधून.

म्हणून आज जरा नीट बघू. भावनेने नाही, अल्बमवार. तो कधी चढला, कधी पडला आणि का.

पहिला अल्बम कुणी ऐकलाच नाही

‘पहिल्यासारखा’ म्हणतो आपण, पण त्याचा खरा पहिला अल्बम आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलाय. त्याचं नाव ‘इन्फिनिट’, साल १९९६. तेव्हा मार्शल मॅथर्स हे खरं नाव असलेला हा पोरगा चोवीस वर्षांचा होता. डेट्रॉइट शहरात लहानाचा मोठा झालेला, बाप लहानपणीच सोडून गेलेला, नववीत तीनदा नापास होऊन शाळा सोडलेला. एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात काम करायचा. घरात वर्षाचीही न झालेली लेक.

अल्बम जवळजवळ कुणी घेतला नाही. स्थानिक रेडिओवाल्यांनी फिरकूनही पाहिलं नाही. ज्यांनी ऐकला ते म्हणाले, हा तर न्यूयॉर्कच्या नाससारखा वाजतोय. आणि ते खोटं नव्हतं. शब्द नेटके होते, यमकं घट्ट होती, पण आवाज उसना होता. ऐकून हा माणूस कोण, कुठला, त्याला कशाची चीड आहे, काही कळत नव्हतं.

म्हणजे बघा, तंत्र होतं. गाणं नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

तीन वर्षं, तीन अल्बम

या अपयशानंतर त्याने एक पात्र तयार केलं. स्लिम शेडी. जे मार्शलला बोलायची लाज वाटते ते सगळं हा शेडी बोलणार. शिव्या देणार, आईवर घसरणार, स्वतःचीही टर उडवणार. १९९७ साली लॉस एंजेलिसमधल्या एका रॅप स्पर्धेत तो दुसरा आला. बक्षीस हुकलं म्हणून तो खचला होता. पण त्याची टेप फिरत फिरत डॉ. ड्रेपर्यंत गेली. ड्रे म्हणजे वेस्ट कोस्ट हिपहॉपचा बाप माणूस. त्याने पोराला बोलावून घेतलं.

मग फेब्रुवारी १९९९ मध्ये ‘द स्लिम शेडी एलपी’ आला. मे २००० मध्ये ‘द मार्शल मॅथर्स एलपी’ आला; पहिल्या एका आठवड्यात नुसत्या अमेरिकेत त्याच्या साडेसतरा लाखांहून जास्त प्रती गेल्या. तेव्हा स्ट्रीमिंग नव्हतं, लोकांनी दुकानात रांगा लावून सीडी घेतल्या. मे २००२ मध्ये ‘द एमिनेम शो’ आला. त्याच वर्षी ‘८ माइल’ सिनेमा आणि त्यातलं ‘लूज युवरसेल्फ’. हे गाणं त्याने शूटिंगच्या मधल्या वेळात, सेटवर बसून लिहिलं. पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारं ते पहिलं हिपहॉप गाणं. पुरस्कार घ्यायला साहेब गेलेच नाहीत, घरी झोपले होते.

ही ती ‘पहिली’ वर्षं. ती इतकी भारी का होती? तीन कारणं दिसतात.

एक, साठा. सव्वीस वर्षांची गरिबी, शाळेतला मार, आईशी भांडणं, नोकरीतून काढून टाकणं हे सगळं आत तुंबून होतं. पहिल्या दोन-तीन अल्बमला कच्चा माल शोधावा लागला नाही.

दोन, ‘हे नको’ म्हणणारा माणूस. स्टुडिओत ड्रे बसलेला. बीट कुठली, कुठला टेक परत घ्यायचा, काय फेकून द्यायचं, हे सांगायचा अधिकार त्याच्याकडे होता. आणि समोर जगातला सगळ्यात मोठा हिपहॉप निर्माता असल्यावर एमिनेमही निमूट ऐकायचा.

तीन, तंत्र. हे जरा समजून घेऊ. रॅपमध्ये एका ओळीला बार म्हणतात. साधा रॅपर बारच्या शेवटी यमक जुळवतो, ‘गाडी’ला ‘वाडी’. एमिनेम अख्खे तुकडे जुळवतो. मराठीत करून बघा: ‘रात्रभर फिरलो, मात्र घर विसरलो.’ इथं ‘रात्रभर’ला ‘मात्र घर’ जुळलं आणि शेवटही जुळला. शिवाय दुसऱ्या तुकड्यात काहीतरी घडलं, माणसाचं काहीतरी हरवलं. तो हेच इंग्रजीत करायचा, पण ओळीमागून ओळी, श्वास न घेता, आणि गोष्ट सांगता सांगता. यमक गोष्टीच्या कामाला लागलेलं असायचं.

साठा, नकार देणारा माणूस आणि तंत्र. तिन्ही एका वेळी जमून आलं. असं फार वेळा होत नाही.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलायला हवी. हे जुनं सोनं आज ऐकताना बऱ्याच ठिकाणी दाताखाली खडा लागतो. बायकांना मारण्याच्या कल्पना, समलिंगी लोकांना शिव्या. तेव्हाही अमेरिकेत त्याविरुद्ध निदर्शनं झाली होती. शेडी हे पात्र आहे, असा बचाव तो करायचा. काही ठिकाणी तो पटतो, काही ठिकाणी नाही. ‘तेव्हाचं सगळं भारी’ म्हणणाऱ्याने हेही ऐकलेलं असावं.

मग गाडी घसरली

नोव्हेंबर २००४. अल्बमचं नाव ‘एन्कोर’. चाहत्यांनी पहिल्यांदा भुवया उंचावल्या त्या इथं. अर्धा अल्बम नीट, गंभीर. उरलेला म्हणजे शाळेच्या मागच्या बाकावरचा टाइमपास. पादण्याचे आवाज, पोरकट आवाजातले विनोद.

काय झालं होतं? आधी केलेली काही चांगली गाणी इंटरनेटवर लीक झाली. ती बाजूला ठेवावी लागली आणि त्यांच्या जागी घाईघाईत नवी करावी लागली. हे त्याने नंतर स्वतःच सांगितलंय. पण दुसरं कारण जास्त मोठं होतं. गोळ्या.

‘८ माइल’च्या शूटिंगचे दिवस लांबलचक असायचे. झोप यावी म्हणून गोळी, मग दुखणं थांबावं म्हणून गोळी. व्हायकोडिन, व्हॅलियम, अँबियन. म्हणजे नीट बघा: ज्या वर्षी तो ऑस्करवालं गाणं लिहीत होता, जगाच्या डोक्यावर बसला होता, त्याच सुमारास हे सुरू झालं. ‘एन्कोर’पर्यंत ते हाताबाहेर गेलं. २००५ मध्ये युरोपचा दौरा रद्द करून तो व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला.

एप्रिल २००६ मध्ये त्याचा जिवलग मित्र प्रूफ डेट्रॉइटमधल्या एका क्लबमध्ये गोळीबारात मारला गेला. शाळकरी वयापासूनचा दोस्त, स्टेजवर कायम शेजारी असणारा. त्याला ‘हे बकवास आहे’ असं तोंडावर सांगू शकणाऱ्यांपैकी एक. त्यानंतर एमिनेम घरात कोंडून पडला. डिसेंबर २००७ मध्ये मेथाडोनच्या अतिसेवनाने तो बाथरूममध्ये कोसळला. दोन तास उशीर झाला असता तर वाचला नसतास, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं तो पुढे मुलाखतींमध्ये बोलला. वय पस्तीस.

आता त्या काळातल्या त्याच्या गाण्यांना आपण ‘घसरली’ म्हणतो. घसरलीच होती. पण गाणं लिहिणारं मनगटच थरथरत होतं.

तो परत बोलायला शिकला

एप्रिल २००८ पासून त्याने नशा सोडली. तारीख वीस. ती तो आजही मोजतो.

शुद्धीवर आल्यावरची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. शब्द जुळवणं, ठेक्यात बसवणं, जिभेने ते वेळेवर उच्चारणं, हे सगळं त्याला परत शिकावं लागलं. जवळच्या माणसांना भीती वाटत होती की मेंदूला कायमची इजा झाली की काय. इतका कसबी रॅपर एका साध्या बारवर अडखळत होता.

मे २००९ मध्ये ‘रिलॅप्स’ आला. सिरीयल किलरच्या गोष्टी आणि सबंध अल्बमभर विचित्र, कुठल्याच देशाचे नसलेले उच्चार. चाहते चक्रावले. ‘हे काय लावलंय?’ पण वरची गोष्ट माहीत असेल तर तो अल्बम वेगळा ऐकू येतो. बोलायला नव्याने शिकलेलं लेकरू कसं प्रत्येक शब्द तोंडात घोळवून बघतं, तसा हा माणूस आवाज वाकवून, ताणून बघत होता. तंत्राच्या बाबतीत ‘रिलॅप्स’ थक्क करणारा आहे. आज त्याचे कट्टर चाहते आहेत. तेव्हा तो हसण्यावारी गेला.

आणि मग त्याने असं काही केलं, जे यशस्वी माणसं क्वचित करतात. ‘रिलॅप्स’चा दुसरा भाग तयार होत होता, तो त्याने बाजूला ठेवला. नवे निर्माते घेतले आणि जून २०१० मध्ये ‘रिकव्हरी’ आणला. त्यातल्या गाण्यांमध्ये तो सरळ कबुली देतो की मागचे दोन अल्बम जमले नव्हते. एकात नशा नडली, दुसऱ्यात उच्चारांचा अतिरेक झाला. कोट्यवधी लोकांसमोर, स्वतःच्याच मालाबद्दल. ‘रिकव्हरी’ त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेला अल्बम ठरला.

जीभ पळाली, गाणं मागे राहिलं

आता खरा पेच. २०१३ मध्ये त्याने ‘रॅप गॉड’ केलं. सहा मिनिटं चार सेकंदांत १५६० शब्द. सेकंदाला सरासरी चारपेक्षा जास्त. गिनीज बुकात नोंद झाली. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तो सव्विसाव्या वर्षापेक्षा जास्त वेगाने, जास्त गुंतागुंतीचं रॅप करत होता. निव्वळ कसब मोजलं तर आलेख खाली नाही, वर गेलेला आहे.

मग डिसेंबर २०१७ मध्ये ‘रिव्हायवल’ आला. बियॉन्से, एड शीरन अशी मोठमोठी पाहुणी मंडळी. पोलिसांचा वर्णद्वेष, ट्रम्प, स्वतःबद्दलची शंका असे वजनदार विषय. अमेरिकेच्या चार्टवर पहिला नंबरही आला. आणि समीक्षकांनी, चाहत्यांनी धू धू धुतला. त्याच्या करिअरमधली ही सगळ्यात मोठी नामुष्की.

का? शब्द कमी पडले नव्हते, उलट फार झाले होते. आपली मघाची ओळ आठवा. ‘रात्रभर’ला ‘मात्र घर’ जुळवलं तेव्हा काहीतरी घडलं. आता त्याला पात्रभर, सत्रभर, गात्रभर अशी वीस यमकं जोडत बसलं तर? सगळी जुळतील. ऐकणारा दमेल. ‘रिव्हायवल’मध्ये कोट्या आहेत, श्लेष आहेत, पण कित्येकदा ओळ फक्त कोटीसाठी लिहिलेली वाटते. वर गुळगुळीत पॉप कोरस, जो त्या ओळींशी बोलतच नाही.

‘इन्फिनिट’मध्ये काय झालं होतं? तंत्र होतं, गाणं नव्हतं. एकवीस वर्षांनी, कोट्यधीश झाल्यावर, तो फिरून त्याच कोपऱ्यावर येऊन उभा राहिला. तेव्हा आवाज सापडला नव्हता म्हणून, आता ‘हे नको’ म्हणणारं कुणी पुरेसं जवळ नव्हतं म्हणून. निदान बाहेरून तरी तसंच दिसतं.

आठ-नऊ महिन्यांत, ऑगस्ट २०१८ मध्ये, कसलीही जाहिरात न करता त्याने ‘कामिकाझे’ टाकला. सगळा अल्बम टीकाकारांवरच्या रागाने भरलेला. जीव आला होता त्यात, धार होती. कारण परत एकदा आत काहीतरी पेटलं होतं. पण त्याच रागात एका तरुण रॅपरबद्दल त्याने समलिंगी लोकांना द्यायची शिवी वापरली, आणि मी जास्तच पुढे गेलो, हे नंतर मुलाखतीत मान्य केलं. राग इंधन आहे खरं, पण ते वापरताना हात भाजतोच.

नासचं काय झालं?

ज्याची नक्कल केल्याचा आरोप पोरसवदा एमिनेमवर झाला, त्या नासकडेही बघू. कारण त्याची गोष्ट उलटी आहे.

नासचा पहिलाच अल्बम ‘इलमॅटिक’, एप्रिल १९९४. वय वीस. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिजच्या सरकारी चाळवजा वसाहतीतलं आयुष्य, जेमतेम चाळीस मिनिटांत. डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप असे एकेक दादा निर्माते. हिपहॉपमधल्या सर्वोत्तम अल्बमची यादी कुणीही काढो, ‘इलमॅटिक’ असतोच. आणि तोच त्याला नडला. पुढची पंचवीस वर्षं जे केलं त्यावर एकच शेरा: चांगलं आहे, पण इलमॅटिक नाही. त्यात काही अल्बम खरंच फसले. चाहत्यांची कायमची तक्रार होती की हा लिहितो उत्तम, पण बीट निवडताना माती खातो.

मग २०२० मध्ये त्याने हिट-बॉय या स्वतःपेक्षा चौदा वर्षांनी लहान निर्मात्याचा हात धरला. आजचं एक, उद्याचं दुसरं, असं न करता एकाच माणसाबरोबर टिकून काम केलं. २०२० ते २०२३ या काळात दोघांनी सहा अल्बम काढले. पहिल्याच, ‘किंग्ज डिसीज’ला ग्रॅमी मिळाला. नासच्या आयुष्यातला पहिला! सहावा अल्बम आला तो नासच्या पन्नासाव्या वाढदिवशी. रॅप हा पोरांचा खेळ आहे, तिशीनंतर संपला, असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

नास या काळात वीस वर्षांचा असल्याचा आव आणत नाही. पन्नाशीच्या माणसाला जे दिसतं ते सांगतो. गेलेले मित्र, पैशाचं काय करायचं, मुलं, जुनी भांडणं मिटवणं. साठा परत भरला होता, कारण मधली वर्षं तो जगला होता. फक्त सोबत योग्य माणूस हवा होता.

आणि आपले कान?

एक बाजू राहिली. ती आपली.

२००० साली एमिनेमने ‘स्टॅन’ नावाचं गाणं केलं. एक चाहता आपल्या लाडक्या रॅपरला पत्रांवर पत्रं लिहितो. उत्तर येत नाही तसा त्याचा तोल जातो, आणि शेवट भयानक होतो. गाणं इतकं गाजलं की ‘स्टॅन’ हा शब्दच इंग्रजी शब्दकोशात गेला. आज इन्स्टावर ‘मी त्याची स्टॅन आहे’ असं तुम्ही सहज लिहिता ना, तो शब्द इथून आलाय. गंमत म्हणून वापरतो आपण. मुळात तो इशारा होता.

‘जुना एमिनेम हवा’ म्हणताना आपण नेमकं काय मागतो? सत्तावीस वर्षांचा, जगावर चिडलेला, घरात भांडणं आणि खिशात गोळ्यांची बाटली सुरू झालेला माणूस. त्या माणसाचा पुढचा मुक्काम हॉस्पिटल होता. तो तसाच राहिला असता तर आज आपण त्याची पुण्यतिथी पाळत असतो. जो वाचला त्याला थोडा बदलूनच वाचावं लागलं.

२०१३ च्या ‘हेडलाइट्स’मध्ये त्याने आईची माफी मागितली. त्याच आईची, जिच्यावर पहिल्या अल्बमांत त्याने इतकं तोंडसुख घेतलं होतं की तिने त्याच्यावर बदनामीचा खटला भरला होता. स्लिम शेडीला असं गाणं कधीच लिहिता आलं नसतं. बीट म्हणून ते फार मोठं गाणं नसेलही. पण ते लिहायला चाळिशी लागते.

शिवाय आपले कानही स्थिर नसतात. नववी-दहावीत ऐकलेलं गाणं कायम मोठं वाटतं, कारण त्यात ते वय अडकलेलं असतं. नव्या अल्बमला ते वय मिळत नाही. त्याला फक्त आपला रिकामा अर्धा तास मिळतो, तोही स्किप करत.

म्हणून सगळंच चांगलं म्हणायचं का? अजिबात नाही. ‘रिव्हायवल’ फसलाय, तो फसलाच आहे. पण ‘पहिल्यासारखा नाही’ ही टीका नाही, ती नुसती तक्रार आहे. टीका करायची तर सांगा काय बिघडलं. साठा संपला? नकार देणारं कुणी उरलं नाही? घाई केली? की यमकापायी गोष्ट मेली? चार प्रश्न आहेत, कुठल्याही रॅपरला लावून बघा. डिव्हाइनला लावा, एमीवेला लावा, तुमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मराठी रॅप करणाऱ्या पोरीला लावा.

हे सगळं डेट्रॉइटपुरतंच आहे असंही नाही. अंधेरीत वाढलेल्या डिव्हाइनला रॅपची ओळख झाली ती शाळेतल्या मित्राच्या टी-शर्टवरच्या ५० सेंटमुळे. आणि त्या ५० सेंटला करारबद्ध करून मोठं करणारे होते डॉ. ड्रे आणि एमिनेमच.

शेडी मेला, मार्शल उरला

जुलै २०२४. एक्कावन्नाव्या वर्षी एमिनेमने अल्बम काढला, ‘द डेथ ऑफ स्लिम शेडी’. जुना शेडी परत येतो, तीच घाण बोलतो, आजच्या जगात ती कशी वाजते ते आपल्याला ऐकायला लावतो, आणि आताचा मार्शल त्याच्याशी भांडतो. सगळाच्या सगळा अल्बम जमलाय असं नाही. काही विनोद शिळे आहेत. पण शेवटी एक गाणं आहे, ‘समबडी सेव्ह मी’. त्या २००७ च्या रात्री आपण वाचलो नसतो तर, अशी कल्पना करून तो मुलांची माफी मागतो. व्हिडिओत तो भुतासारखा बाजूला उभा राहून त्यांचे मोठे होण्याचे क्षण बघतो. जे त्याने जवळजवळ गमावलेच होते.

त्यात रेकॉर्डब्रेक वेग नाही, चक्रावणारं यमक नाही. साठा मात्र आहे.

आता तुमच्याकडे वळू. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या नावावरही एक ‘पहिला हिट’ आहे. दहावीचे ९६ टक्के, शाळेतली वक्तृत्वाची ढाल, लाखभर व्ह्यूज गेलेलं एखादं रील. आणि आता कॉलेजात कुणी ना कुणी म्हणतंच, ‘तू पहिल्यासारखा राहिला नाहीस.’ कधी घरचे म्हणतात, कधी आरशातला माणूस.

तेव्हा तेच चार प्रश्न स्वतःला विचारा. आत काही उरलंय का, की नवं काही जगायला हवंय? ‘हे नको’ म्हणणारा एक तरी मित्र, एक तरी सर किंवा मॅडम जवळ आहे का? घाई होतेय का? नुसतं कसब दाखवण्यासाठी करतोय का? यातलं एखादं उत्तर नडत असेल तर ते दुरुस्त करता येतं. पस्तिसाव्या वर्षी बोलायला परत शिकता येतं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर पहिला ग्रॅमी मिळाल्यागत नवी सुरुवात करता येते, तर विशीत काय अवघड आहे?

आणि पहिल्यासारखं व्हायची गरज नसेल, तर तेही सांगून टाका. तसं सांगायला एमिनेमला एक अख्खा अल्बम लागला. तुम्हाला चहा गार होईपर्यंतचा वेळ पुरेल.

ऐकून स्वतःच ठरवा!

एका रविवारी, इअरफोन लावून, याच क्रमाने. शफल बंद, स्किप बंद.

१. ‘इन्फिनिट’ (१९९६) – शीर्षकगीत तरी ऐकाच. कसब आहे, माणूस सापडत नाही.
२. ‘द मार्शल मॅथर्स एलपी’ (२०००) – ‘स्टॅन’पासून सुरुवात करा. खडे लागतील, तेही मोजा.
३. ‘एन्कोर’ (२००४) – ‘मॉकिंगबर्ड’ आणि त्यातलं एखादं टाइमपास गाणं पाठोपाठ लावा. दरी कळेल.
४. ‘रिलॅप्स’ (२००९) – उच्चारांवर हसून झालं की यमकांकडे कान द्या.
५. ‘रिव्हायवल’ (२०१७) – कुठं कंटाळा येतो ते लिहून ठेवा, आणि का येतो तेही.
६. ‘द डेथ ऑफ स्लिम शेडी’ (२०२४) – शेवटचं गाणं दिवे मालवून.